पुसलेल्या नोंदीची चहाडी

१

साक्षीच्या साक्षगंधात त्रिसरण-पंचशील झालं, नवरदेव रत्नपालच्या आईनं साखरपुड्याच्या साडीचं ताट उचललं, आणि तेवढ्यात रत्नपालचा मामा बकाराम मांडवात उभा राहिला.

"थांब बाई," तो बहिणीला म्हणाला. "ताट खाली ठेव. आधी मले एका गोष्टीचा जवाब पाहिजे."

अर्जुनी मोरगावात साक्षी रामटेकेला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. ती एसटीत कंडक्टर. गोंदियाच्या गाडीवर अर्ध्या तालुक्यानं तिच्या हातचं तिकीट फाडून घेतलेलं. दारू पिऊन चढणाऱ्याला ती एका शब्दात खाली उतरवायची. त्या दिवशी ती नवरीच्या पाटावर बसली होती.

बकारामनं मोबाईल तिच्या वडिलांसमोर धरला. अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता. गुलाब रामटेक्यांनी तो अडखळत वाचला. "साक्षी रामटेके, अर्जुनी मोरगाव. सिकलसेल एएस. रक्तदर्पण लॅबच्या कॉम्प्युटरमधून. लग्नाआधी विचार करा."

मांडवात कुजबुज सुरू झाली. स्वयंपाकाकडच्या बायका हातातलं काम टाकून दाराशी आल्या.

"पोरीले बिमारी आहे, हे तुम्ही काऊन लपवलं?" बकाराम ओरडला.

"बिमारी नाही, मामा," साक्षी म्हणाली. "एएस म्हणजे मी नुसती वाहक. मले काही होत नाही. दोघंही वाहक असले तरच लेकराले धोका. आणि हे मी रत्नपालले पहिल्या भेटीतच सांगतलं. त्यानं तपासणी केली, त्याचं रक्त साफ आहे. विचारा त्याले."

सगळ्यांनी रत्नपालकडे पाहिलं. वीज मंडळात लाइनमन असलेला हा गडी विजेच्या खांबावर न घाबरता चढायचा. पण आत्ता तो मान खाली घालून बसला होता. त्याच्या तोंडून हो आलं नाही, की नाही आलं नाही.

पाहुणे न जेवता उठले.

संध्याकाळी आई डोळे पुसत भांडी आवरत होती. साक्षी भिंतीला टेकून बसली होती. रडायला तिला वेळच नव्हता, कारण एक गोष्ट तिच्या डोक्यात काट्यासारखी रुतली होती. रक्तदर्पणमध्ये तिची तपासणी झाली होती हे खरं. त्यानंतर तिला औषधवाल्यांचे, विमावाल्यांचे फोन यायला लागले, तेव्हा ती गोंदियाला जाऊन लॅबच्या मॅनेजरशी भांडली होती. माझी माहिती पुसून टाका म्हणाली होती. त्यानं ती तिच्या देखत पुसली होती, आणि तिचं नाव टाकून रिकामी स्क्रीनही दाखवली होती.

मग जी नोंद उरलीच नव्हती, ती बोलली कशी?

२

रक्तदर्पणच्या दारावर नोटीस चिकटवलेली होती. कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. आत जुन्या मालकाच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, समोर बिनसाखरेचा चहा. या दुर्गेश्वरी रहांगडाले. बुडालेल्या कंपनीचा कारभार न्यायाधिकरण ज्या तज्ज्ञाच्या हाती सोपवतं, तशा तज्ज्ञ. माहेर आमगावकडचं, काम नागपूरला.

साक्षी खाकी गणवेशातच आली होती. आल्या आल्या तिनं तोफ डागली. "मॅडम, तुमच्या लॅबनं माझं लग्न मोडलं."

दुसरा एखादा अधिकारी अर्ज द्या म्हणाला असता. दुर्गेश्वरीबाईंनी खुर्ची पुढं सरकवली. "बस. अगदी पहिल्यापासून सांग. कोण कुठं बसलं होतं, तेही सांग."

साक्षीनं सांगितलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मेसेज मामाच्या मोबाईलवर का आला? मुलाचे वडील नाहीत का?"

"आहेत. मोबाईल बी आहे त्यांच्याकडं."

"मग वडलांना सोडून मामाला?"

साक्षीनं यावर विचारच केला नव्हता.

"तू एकटी नाहीस," बाई म्हणाल्या. "कामठ्याची चंदा, दरेकशाची भूमिका. त्यांच्याही सासरी असेच मेसेज गेले. तिन्हींत या लॅबचं नाव आहे. आणि ही लॅब विकत घ्यायला बोली लावणारे आज इथंच आलेत. चल, तूही ऐक."

बाहेरच्या खोलीत दोन माणसं बसली होती. रायपूरच्या कंपनीचा ओमेश अस्वस्थपणे पाय हलवत होता. "देखो मॅडम," तो म्हणाला, "नया डेटा कानून आ गया है, थोडा थोडा करके पूरा लागू हो जायेगा. पेशंटची माहिती बाहर गयी तो करोडों का दंड. ऐसी लॅब लेके हम क्या करें? हमारा सेठ बोली वापस ले लेगा."

दुसरे डॉ. हिमांशु लंजे, लॅबचे संस्थापक आणि जुने मालक. कंपनी लहान उद्योगांत मोडत असल्यानं कायद्यानं त्यांनाही बोली लावायची मुभा होती. कंपनी हातातून गेल्यावर ते स्टेशनजवळच्या एका खोलीत बसत आणि लग्नाळू मुलामुलींना सिकलसेलबद्दल फुकट सल्ला देत. गोंदियात लोक त्यांचं नाव आदरानं घेत.

ते उठून साक्षीजवळ आले. "बेटा, फार वाईट झालं. मॅडमनी खरेदीदारांसाठी कंपनीची माहिती उघडली, तेव्हाच मी बजावलं होतं. या जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या रक्ताचा एक थेंबही माझ्या लॅबमधून गेल्याशिवाय राहिलेला नाही. ते सगळं असं उघड्यावर..." त्यांनी साक्षीच्या डोक्यावर हात ठेवला.

साक्षीला वाटलं, हा माणूस तरी आपला आहे.

दुर्गेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या, "मी खरेदीदारांना आकडे दाखवलेत, डॉक्टर. एकाही माणसाचं नाव दाखवलेलं नाही."

"मग नावं आली कुठून?" डॉक्टरांनी विचारलं. "येत्या बैठकीत कर्ज दिलेल्या बँका हेच विचारतील. आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल."

३

मॅनेजर राजदीप मेश्रामनं साक्षीला लगेच ओळखलं.

"ताई, तुमची नोंद मी पुसली. शपथ घेऊन सांगतो."

"आणि पुसल्याचं डॉक्टरांना सांगितलंस?" दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं.

राजदीप घुटमळला. "नाही मॅडम. साहेबांचा हुकूम होता, कोणी किती भांडलं तरी माहिती पुसायची नाही. पुढंमागं ती विकायची होती. पण मले ते पटलं नाही. त्यांचं रक्त, त्यांची मर्जी. जो मागेल त्याचं मी गुपचूप पुसत गेलो."

"नोकरी गेली असती."

"गेली असती," राजदीप म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ते साक्षीला आवडलं. त्या नजरेत मेहेरबानी नव्हती, बरोबरीच्या माणसाला द्यावा तसा मान होता.

"म्हणजे आत्ताच्या कॉम्प्युटरमध्ये साक्षी नाही," बाई म्हणाल्या. "मी ताबा घेतला तेव्हाही नव्हती. मेसेज लॅबच्या माहितीतून आला असेल तर ती प्रत त्याच्याही आधीची असायला हवी. जुनी प्रत कोणाकडे असेल?"

"देवानंदकडं," राजदीप हळूच म्हणाला.

देवानंद कटरे हा लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारा. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. लॅबनं त्याचा मेहनताना बुडवला होता आणि तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. दोघींना दारात पाहून त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मेरे पे शक है ना? सबको है," तो म्हणाला. "हो, माझ्याकडं जुनी प्रत होती. मॅडम, तुम्ही ताबा घेतला त्याच हप्त्यात मी डिस्क आणून दिली. सही बी घेतली तुमची."

"दिली होती," बाई म्हणाल्या. "पण देण्याआधी तिची दुसरी प्रत काढली असशील तर?"

देवानंदचा चेहरा लाल झाला. "काढू शकलो असतो. कोणालेच समजलं नसतं. पण माझं भांडण डॉक्टरशी आहे. तीन पोरींनी माझं काय वाकडं केलं?"

बाहेर पडल्यावर साक्षी म्हणाली, "हाच असंल. राग बी आहे, प्रत बी होती."

"दिसतं तसं," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांग. लॅबच्या माहितीत तुझं नाव आहे, वय आहे, रक्त आहे. तुझं लग्न रत्नपालशी ठरलंय आणि त्याच्या मामाचा नंबर अमुक आहे, हे त्यात कुठं आहे?"

भर बाजारात साक्षीची पावलं थबकली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत राहिला.

४

दुसऱ्या दिवशी साक्षीची सुट्टी होती. दोघी कामठ्याला गेल्या. चंदाचे वडील केवळराम यांनी दारातूनच परत पाठवायचा प्रयत्न केला. गावात आधीच तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

"काका," साक्षी म्हणाली, "माझ्याबद्दल बी तसाच मेसेज आला. माझं बी साक्षगंध मोडलं. मी काही तमाशा पाहाले नाही आली."

केवळराम बाजूला झाले.

चंदा आतल्या खोलीत होती. वाळलेली पोर, डोळे मात्र तेजदार. साक्षी तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं तिचा हात धरला. मग चंदाच बोलली.

"मले खरंच बिमारी आहे, ताई. नुसती वाहक नाही. हाडं दुखतात तवा रडू येते. पण त्याले सगळं माहीत होतं. करतो म्हणला होता लग्न. आता त्याच्या वहिनीनं मेसेज दाखवला, घरचे फिरले, तो बी फिरला."

"वहिनीच्या मोबाईलवर आला?" दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं.

"हो."

"ही तुझी रक्तदर्पणमधली तपासणी कधीची?"

चंदानं गोंधळून पाहिलं. "कोणती रक्तदर्पण? मी त्या लॅबमध्ये जिंदगीत पाय नाही ठेवला. माझं सगळं सरकारी दवाखान्यात झालं."

साक्षीनं बाईंकडे पाहिलं. दुर्गेश्वरीबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवला. कोडं सुटण्याची वाट पाहणारं माणूस जसं हसतं तसं, अगदी किंचित, त्या हसल्या.

"म्हणजे देवानंदही नाही," त्या म्हणाल्या. "ओमेशही नाही, राजदीपही नाही. साक्षी, हे कुठल्याच कॉम्प्युटरमधून आलेलं नाही. हे कोणाच्या तरी तोंडून आलंय. तुझं रक्त कोणतं, हे तू तोंडानं कोणाला सांगितलंस?"

साक्षीनं चंदाचा हात सोडला.

"घरच्यांशिवाय एकट्या रत्नपालले," ती म्हणाली.

५

ती त्याला गोंदियाच्या डेपोबाहेर भेटली. चहाच्या टपरीवर भोवती माणसं होती, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

"तू कोणाले सांगतलंस?"

"साक्षी, मी मामाले काहीच..."

"मांडवात बी तू असाच गप होता. मी सगळ्यांपुढं म्हणली, विचारा त्याले. तुह्या तोंडून एक हो निघालं नाही. आज तरी बोल."

रत्नपालनं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "भेव वाटलं," तो म्हणाला. "मामाचा आवाज चढला का मी लहानपणापासून असाच गप होतो. मले माह्या स्वतःचीच लाज वाटून राहिली. पण तुही गोष्ट मी गावात कोणालेच नाही सांगतली. डॉक्टरले सांगतली तेवढी."

"कोणत्या डॉक्टरले?"

"स्टेशनजवळच्या लंजे डॉक्टरले. तपासणीनंतर गेलो होतो. वाटलं, चांगल्या जाणकाराले विचारावं, लेकरं धडधाकट होतील ना. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं नीट विचारलं. तुझं नाव, गाव, लग्न कधी. मी विश्वासानं सांगतलं. फुकट सल्ला देतात, देवमाणूस आहेत."

"आणि नंबर? मामाचा नंबर त्यांच्याकडं कसा?"

"माझा मोबाईल खांबावरून पडून फुटला होता ना. मामा संग आला होता, बाहेर बसला होता. बाहेरच्या पोरीनं नंबर मागितला, मी मामाचा देला."

साक्षीनं चहा तसाच ठेवला आणि दुर्गेश्वरीबाईंना फोन लावला. पलीकडून बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कामठ्याला आणि दरेकशाला एकेक फोन केला. चंदाच्या नवरदेवासोबत सल्ल्याला कोण गेलं होतं? त्याची वहिनी. दरेकशाच्या भूमिकेच्या होणाऱ्या नवऱ्यानं कोणाचा नंबर दिला होता? गावात रेंज नसते म्हणून गोंदियातल्या भावाचा. मेसेज त्याच भावाला आला होता.

"उद्या बँकांची बैठक आहे," बाई साक्षीला परत फोन करून म्हणाल्या. "तू ये. रत्नपालला विचार, तो येईल का. जबरदस्ती करू नकोस."

रत्नपालनं तिच्या हातातून फोन घेतला. "मी येतो, मॅडम," तो म्हणाला. "आता गप नाही राहत."

६

लॅबच्या मोठ्या खोलीत बँकांचे अधिकारी, ओमेश, राजदीप, देवानंद आणि डॉ. लंजे बसले होते. साक्षी आणि रत्नपाल दाराजवळच्या खुर्च्यांवर होते. सरळ बसलेल्या दुर्गेश्वरीबाईंकडे पाहताना तिला वाटलं, इतक्या शांतपणे कोणाला पकडता येतं हे आपल्याला आजवर माहीतच नव्हतं. गाडीत आपण आवाज चढवतो. या बाई आवाज उतरवतात, आणि सगळी खोली पुढं वाकून ऐकते.

"तिन्ही मेसेजांत या लॅबचं नाव मुद्दाम घातलंय," बाई म्हणाल्या. "माहिती चोरणारा ती कुठून चोरली हे कशाला लिहील? हे ज्यानं लिहिलं त्याला मुलींची लग्नं मोडण्यात रस नव्हता. त्याला लॅब बदनाम करायची होती. लॅब बदनाम झाली की रायपूरवाले पळणार, आणि उरणार एकच बोली."

डॉ. लंजे हसले. "मॅडम, हा अंदाज झाला. माहिती तुमच्या ताब्यातून फुटलीय, हे झाकायला तुम्ही..."

"माहिती फुटलीच नाही. साक्षीची नोंद राजदीपनं कधीचीच पुसली होती. तुम्हाला न सांगता. चंदा तर या लॅबमध्ये कधी आलीच नव्हती. पण तुम्हाला तपासून पाहायची गरज वाटली नाही. तुमच्या मते जिल्ह्यातलं सगळं रक्त तुमच्याच हातून गेलेलं. लॅबमध्ये हजारोंची माहिती आहे, तरी मेसेज फक्त तिघींबद्दल का? कारण या तिघींचे नवरदेव तुमच्याकडे सल्ल्याला आले होते. आणि मेसेज गेले ते नेमके त्या दिवशी दिलेल्या नंबरांवर. एक मामा, एक वहिनी, एक भाऊ. दुसऱ्या कोणाकडे हे तिन्ही नंबर एकत्र असायचं कारण नाही."

"नंबर माझ्या स्वागतकक्षातली मुलगी घेते," डॉक्टर पटकन म्हणाले. "तिनं केलं असेल."

रत्नपाल उभा राहिला. त्याचा आवाज आधी फाटला, मग सावरला. "नंबर तिनं घेतला. पण साक्षीचं रक्त कोणतं, हे मी तिले नाही सांगतलं. दार लावून तुम्हालेच सांगतलं, डॉक्टर. तुम्ही म्हणले, पोरा, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही."

डॉक्टरांनी समोरचा बोलीचा कागद दूर सारला.

"ही लॅब मी शून्यातून उभी केली," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "ती परक्याच्या हाती जाताना पाहवत नव्हतं. वाटलं, तीन मेसेजांनी काय बिघडतं. लग्नं काय, पुन्हा जुळतात."

साक्षीला काहीतरी जोरात बोलायचं होतं. पण तिनंही आवाज उतरवला.

"चंदाचं नाही जुळलं, डॉक्टर. लॅब तुमची होती. आमचं रक्त तुमचं नव्हतं."

७

बँकांनी डॉक्टरांची बोली त्याच बैठकीत फेटाळली. न्यायाधिकरणात अर्ज गेला, पोलिसांत तक्रार झाली, वैद्यकीय परिषदेलाही कळवलं गेलं. ओमेशनं रायपूरला फोन करून सेठला समजावलं. पण दुर्गेश्वरीबाईंनी सौद्यात एक अट घातली. यंत्रं घ्या, इमारत घ्या, कामगारांना सांभाळा. रुग्णांची माहिती मात्र मालासोबत मिळणार नाही. ज्याची त्यानं नव्यानं परवानगी दिली तरच ती राहील, नाहीतर पुसली जाईल. ओमेश कुरकुरला. "मॅडम, असली कीमत तो उसी की है."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. ओमेशनं सही केली.

रत्नपालनं मामाला घरच्या सगळ्यांसमोर सांगितलं, मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप बसलो, चूक माझी. मग तो साक्षीच्या घरी आला. तिनं त्याला लगेच हो म्हटलं नाही. म्हणाली, आधी तुझी आई आणि मामा इथं येतील, सिकलसेल म्हणजे काय ते मी सांगेन, त्यांनी विचारायचं ते विचारावं. ते आले. बकाराम भरपूर प्रश्न विचारून, शेवटी स्वतःची तपासणी कुठं करता येईल ते विचारून गेला. लग्न दिवाळीनंतर ठरलं.

चंदाचा नवरदेव परतला नाही. साक्षीनं त्याबद्दल तिची समजूत काढायचा प्रयत्न केला तेव्हा चंदा म्हणाली, "राहू दे ताई. मेसेज पाहून फिरणारा माणूस मले पुढं दुखण्यात कामाचा नव्हता." तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला. साक्षीला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की परतीच्या गाडीत तिनं ड्रायव्हरला ही गोष्ट दोनदा सांगितली.

परवानगी घेण्याचं काम गावोगाव सुरू झालं. कामठ्याच्या शाळेच्या ओट्यावर राजदीप कॉम्प्युटर घेऊन बसला. दुर्गेश्वरीबाई नागपूरहून मुद्दाम आल्या होत्या. साक्षी आणि चंदा लोकांना समजावून सांगत होत्या. एक म्हातारी, धुरपताबाई, काठी टेकत पुढं आली.

"बाई, तुमची माहिती ठेवू का पुसू?" राजदीपनं विचारलं.

"पुसलं तर कोणी रागावते का?"

"कोणी नाही."

"मंग पुस बापा. माहं आता काय पाहाचं राहिलं."

राजदीपनं पुसलं आणि स्क्रीन फिरवून तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वाकून नीट पाहिलं.

"आणि तुमच्या नातीची? ती सोळाची होती तेव्हा तुम्हीच आणलं होतं तिला. तुम्ही सांगितलं तर..."

"मी कायले सांगू?" म्हातारी म्हणाली. "आता मोठी झाली ते. शेतात धानाच्या रोवण्यावर आहे. वाट पाय, येईल. तिचं तिलेच विचार."

दुर्गेश्वरीबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हातारीला बसायला दिली. मग सगळे नातीची वाट पाहत थांबले.